उंबरदऱ्याची मुक्कामी गाडी

गुरुवार, ९ जानेवारी

पतसंस्थेनं फुकट दिलेली ही डायरी. आमची शेफाली, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, म्हणाली, "काका, ह्यात मी मसाल्याची प्रमाणं लिहू का?" मी म्हटलं, ठेव इकडं. कामाच्या माणसाला डायरी लागते, आणि आजपासून मी परत कामाचा माणूस आहे.

काम असं. मार्चात राज्याचं बजेट. त्याआधी आमच्या आमदारांच्या भोरच्या कार्यालयाला भोर-वेल्ह्याच्या लोकांची मतं हवीत. एक कागद, त्यावर तीन प्रश्न. सरकारनं पैसा आधी कशावर घालावा? रस्ते आणि गाड्यांचं काय पाहिजे? विजेचं काय पाहिजे? खाली इतर म्हणून दोन ओळी मोकळ्या. गावोगाव जाऊन हे कागद भरून आणायचे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, ह्या डोंगरातली वाडी अन् वाडी माझ्या पायाखालची, म्हणून मला बोलावलं. नाहीतर त्रेसष्टाव्या वर्षी कोण विचारतंय!

कार्यालयात सुलक्षणा नावाची मुलगी आहे. एम.ए. झालेली, चष्मा, बोलायला चटपटीत. म्हणाली, "काका, एकच नियम. मत लोकांचं लिहायचं. आपलं त्यात घालायचं नाही."

म्हटलं, पोरी, कंडक्टरला कुणी कधी मत विचारलेलं नाही. सवय आहे.

चौदा गावांची यादी दिली. शेवटचं नाव उंबरदरा. ते शेवटीच करू. लांब आहे.

शनिवार, ११ जानेवारी

नसरापूर, आपलंच गाव. चौकात उभा राहिलो तर दहा मिनिटांत वीस मतं. सगळ्यांना हायवेवरून पलीकडं जायला सोय पाहिजे, आणि सगळे एकदम बोलतात. मी ओरडलो, "एकेक करून! पुढं सरका, पुढं सरका!" तोंडातून गेलंच. एक म्हातारा हसून म्हणाला, "अमृतमास्तर, रिटायर झाला तरी घसा तोच!"

कुंडलिककडं चहा घेतला. कुंडलिक म्हणजे माझा ड्रायव्हर. उंबरदऱ्याच्या मुक्कामी गाडीवर नऊ वर्षं तो पुढं, मी मागं. आता स्कूटर चालवतो आणि सुनेला शिकवतो कांदा कसा चिरावा. यादी बघून त्यानं शेवटच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी यादीची घडी करून खिशात टाकली. म्हणाला, स्कूटर आहे, गावं फिरवतो. बरं झालं, माझे गुडघे वाचले.

बुधवार, १५ जानेवारी

आंबवडे. संक्रांत कालच झाली, त्यामुळं प्रत्येक घरात आधी तिळगूळ आणि मग मत. इथं एक गंमत झाली. पहिल्या घरात विचारलं तर म्हणाले, थांबा. दुसऱ्या घरातही थांबा. शेवटी सगळे देवळात बसले, तासभर भांडले आणि येऊन म्हणाले, "आमच्या गावाचं एकच मत हाय, सगळ्या कागदावर तेच लिवा." दिवसा वीज. पंप रात्री चालू करायला शेतात जायचं, साप-विंचवाचं भय. मी म्हटलं, प्रत्येकाचं वेगळं पाहिजे. तर म्हणे, "वेगळं मत घिऊन गावात ऱ्हायाचं कसं?"

बायकांना विचारलं की "मालकांना इचारा." एका घरी मालक म्हणाले, "हिलाच इचारा, हितं हिचंच चालतं." तिथं मात्र बाईनं घडाघडा तिन्ही उत्तरं दिली.

खरं सांगायचं तर मला हे काम आवडायला लागलंय. माणसं दारात बसवतात, पाणी देतात. परतीच्या गाडीची घाई नसते.

मंगळवार, २१ जानेवारी

पानशेत. हॉटेलवाल्याला रस्ता रुंद पाहिजे, शेजारच्या शेतकऱ्याला नको. शेतकरी म्हणाला, "मास्तर, धरण उशाला आन् लाईट त्या बंगल्यांला. शनवार-रईवार सोडून तिथं कुत्रं नसतंय, पण अंगणातले दिवे रोज चालू. आमची मोटर मात्र बंद. लिवा." लिहिलं. तीन प्रश्न सोडून त्यानं स्वतःच चौथा प्रश्न काढला, की हे वाचणार कोण? त्याला मात्र जागा नव्हती.

शुक्रवार, २४ जानेवारी

वेल्ह्याच्या बाजारात सखूबाई भेटल्या. उंबरदऱ्याच्या पाटलीणबाई, ऐंशीच्या पुढं गेल्या असतील, पण आवाज खणखणीत. त्यांनी मला आधी शिव्या घातल्या. "मास्तर, वाट इसरला व्हय गावाची? का आमी मेलो म्हनून धरून चालला?"

कागद काढून विचारलं तर म्हणाल्या, "बायांना एसटीत अर्धं तिकीट केलं ना सरकारनं? लई चांगलं केलं. पन आमच्याकडं गाडीच न्हाई, तर अर्धं कशाचं करू?"

खरं आहे. मुक्कामी गाडी बंद झाली त्याला सोळा वर्षं झाली. आता उंबरदऱ्यातून पाच किलोमीटर उतरून यायचं, मग मिळेल ते.

जाता जाता सखूबाई म्हणाल्या, "लीलाबाई बी चालली. पावसाळ्यात पाय मोडला तिचा, घोंगडीत घालून खाली आनली पोरांनी. आता तिचा पोरगा प्रशिक म्हनतोय, हडपसरला चल. फेब्रुवारी सरला की टेम्पो आननार. गाडी असती तर जाग्यावरनं हालले नसते म्हनाली."

मी म्हटलं, बरं.

मग पिशवी उचलून त्यांना फाट्यापर्यंत सोडलं. परत येताना माझी टोपी बाजारातच राहिली हे नसरापूरला कळलं. वय झालं, दुसरं काय!

सोमवार, २७ जानेवारी

लीलाबाई कोण ते लिहून ठेवतो. नाहीतर शेफालीनं कधी ही डायरी वाचली तर भलतंच समजेल.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात पोचायची, रात्रभर गावातच राहायची आणि सकाळी सहाला माणसं घेऊन निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावाकडं. त्याला वार लावलेला असे. सोमवार पाटलांचा, मंगळवार अमक्याचा, असे. सरकारी नियम नाही, गावाची रीत. ओढ्याच्या अलीकडच्या बौद्ध वस्तीला मात्र वार नव्हता. का नव्हता ते कुणी विचारत नसे, आम्हीही नाही.

माझं पहिलंच वर्ष. एका संध्याकाळी लीलाबाई गाडीपाशी आल्या. नवरा वारलेला, प्रशिक कडेवर. सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "आमच्या वस्तीतली मानसं बी ह्याच गाडीनं जात्यात. मग आमचा वार कोंचा?" सगळे पाटलांकडं बघायला लागले. सखूबाईच त्यांच्या मालकांना म्हणाल्या, "द्या की गुरवार. गुरवार रिकामाच हाय."

त्या गुरुवारी कुंडलिक म्हणाला, माझा उपास. पुढच्या गुरुवारीही उपास. नऊ वर्षं ह्या माणसानं गुरुवार धरला. इतर दिवशी कोंबडीचं हाड सोडायचा नाही. मला सगळं कळत होतं. मी एकटाच जायचो. भाकरी, पावट्याची उसळ, वर लसणाचा ठेचा. मी भोरहून काहीबाही आणायचो, म्हणजे प्रशिकला पाटी, त्यांना पायदुखीचं तेल, एकदा हिरव्या बांगड्या. त्या परत दिल्या, म्हणाल्या, "कुनी बघंल." मग मोती साबण नेला, तो घेतला.

एवढंच. मग माझी बदली झाली आणि संपलं. माझं लग्न राहूनच गेलं, पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. आईचं दुखणं होतं.

मंगळवार, २८ जानेवारी

आज सुलक्षणाला सहज म्हणून विचारलं, एखाद्या गावाला एसटी हवी असेल तर ते वर जातं का? ती म्हणाली, "काका, पंचवीस कागद असतील त्या गावाचं नाव अहवालात वेगळं येणार. साहेब त्या यादीवर स्वतः बोलणार आहेत. पंचवीसच्या आत असतील ती सगळी गावं 'इतर'मध्ये."

उंबरदऱ्यात आता किती माणसं असतील? मी मनात उतारू मोजतो तशी मोजली. फार तर दहा-बारा.

गुरुवार, ३० जानेवारी

उंबरदरा करून आलो. वार गुरुवार आला तो आपोआप आला, कुंडलिकला स्कूटर त्याच दिवशी मोकळी होती.

चढावर स्कूटर धापा टाकत होती आणि मीसुद्धा. गाडी वळवायची जागा तशीच आहे, त्यात आता घाणेरीचं रान माजलंय. अकरा कागद भरले. सगळ्यांनी दुसऱ्या प्रश्नाला एकच सांगितलं, मुक्कामी गाडी. इथं देवळात बसायची गरजच पडली नाही.

लीलाबाईंचं घर शेवटी घेतलं. काठी टेकत बाहेर आल्या. केस पांढरे झालेत. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गुरवार हाय न्हवं आज? बसा, भाकरी टाकते."

म्हटलं, मी सरकारी कामाला आलोय. म्हणाल्या, "मग सरकारला बी भूक लागतीच."

कुंडलिकला हाक मारली तर तो आवाराबाहेरूनच म्हणाला, "माझा उपास." माझं डोकं फिरलं! वीस वर्षं झाली, जग कुठल्या कुठं गेलं, आणि ह्याचा उपास सुटेना! तिथंच सुनावणार होतो, पण लीलाबाई हसत होत्या, म्हणून आत जाऊन बसलो.

प्रश्न विचारले. बजेटवर म्हणाल्या, "मला इचारून ठरवनार हायेत का? बरं, दवाखाना लिवा." विजेचं म्हणाल्या, "रस्त्याच्या वळनावर एक दिवा पायजे. गाडी आल्याली लांबनं दिसती."

"गाडी कुठंय आता?" मी म्हटलं.

"तीच तर मागतीया दुसऱ्या प्रश्नाला. मुक्कामी गाडी."

"तुम्ही तर चाललात. मग गाडी कशाला?"

त्यांनी भाकरी उलटली. "जायाला न्हाई वो. गाडी येती बी की."

मी लिहिलं, 'मुक्कामी गाडी, जाण्यायेण्यासाठी.' पावट्याची उसळ होती. ठेचा आता पूर्वीइतका तिखट करत नाहीत, म्हणाल्या, पोटाला सोसत नाही. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी त्यांनी न विचारता वाढली, मला पूर्वी तीन लागायच्या म्हणून.

निघताना म्हणाल्या, "मास्तर, समद्यांचं मत घेत फिरता. तुमचं कुनी घेतलं का?"

म्हटलं, नियम आहे. आपलं घालायचं नाही.

"नियमाचे लई पक्के तुमी," एवढंच म्हणाल्या आणि ताट उचललं.

रविवार, २ फेब्रुवारी

अकराचे पंचवीस करायचे तर चौदा कमी पडतात.

आज दुपारी दार लावून बसलो आणि डोळे मिटले. सकाळची सहाची गाडी डोळ्यांसमोर उभी केली. पहिल्या बाकावर सखूबाईंचे मालक, त्यांच्यामागं दूध घेऊन भिमा, खिडकीला शाळेच्या दोन मुली, मागच्या बाकावर ज्ञानू आणि त्याची बोकडं. एकेकाचं नाव, वडलांचं नाव, कुठं उतरायचा ते सगळं आठवलं. नऊ वर्षं मी ह्या माणसांना तिकिटं दिली. ह्यांना काय पाहिजे ते मला विचारायला लागतंय होय? त्यांच्या नावानं चौदा कागद भरले. प्रश्न पहिला दवाखाना, तिसरा वळणावर दिवा, दुसरा मुक्कामी गाडी. अक्षर थोडं थोडं बदललं.

हे खोटं नाही. हे त्यांचंच मत आहे. माझं नाही.

पंचवीस झाले तेव्हा मला इतकं बरं वाटलं की शेफालीला म्हटलं, आज शिरा कर.

सोमवार, १० फेब्रुवारी

सुलक्षणाचा फोन आला, या म्हणून. गेलो. तिनं उंबरदऱ्याचा गठ्ठा समोर ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, आम्ही दर गावातले थोडे कागद मतदारयादीशी ताडून बघतो. ह्यातले चार लोक वारलेत. हे सखूबाईंचे मालक, हे तर बारा वर्षांपूर्वी. बाकीच्यांची नावं आता पुण्याच्या यादीत."

मी म्हटलं, "गाडीत होते सगळे."

"कुठल्या गाडीत?"

भिमा गेल्याचं मला माहीतच नव्हतं. तो गेला हे मला एका चष्मेवाल्या मुलीनं यादीवर बोट ठेवून सांगितलं. दुधाच्या किटलीला फडकं बांधायचा, सांडायचं नाही कधी.

तिनं पाणी दिलं. म्हणाली, कुणाला सांगणार नाही, पण हा गठ्ठा तिला बाजूला ठेवावा लागेल. आता कुठला कागद खरा हे कसं म्हणायचं? म्हणजे खरे अकराही गेले. 'इतर'मध्येसुद्धा उंबरदऱ्याचं नाव नाही.

मी केलं हे. गाडी आणायला गेलो आणि होतं तेही घालवलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झोप नीट नाही. जे लिहायचं टाळतोय ते लिहून मोकळा होतो.

माझी बदली झाली नव्हती. मी अर्ज करून मागून घेतली होती. गुरुवारी मी कुठं जेवतो ते नसरापुरात कुणीतरी आईच्या कानावर घातलं. आई म्हणाली, "जेवलास ते जेवलास. आता घरात आणशील तर मी विहीर जवळ करीन." आणीन असं मी म्हटलंच नव्हतं. तिनंच ओळखलं, माझ्याआधी. दुसऱ्या दिवशी डेपोत अर्ज दिला. लीलाबाईंना सांगितलं, वरून आदेश आला.

आई त्यानंतर पंधरा वर्षं जगली. तिचं सगळं केलं. तिच्यावर राग नाही. माझ्यावर आहे, आणि तो मी उतारूंवर काढला, सुट्ट्या पैशांवरून.

मला लीलाबाई पाहिजे होत्या. हे लिहायला वीस वर्षं लागली, आणि लिहिलं तेही पतसंस्थेच्या डायरीत.

रविवार, १६ फेब्रुवारी

कुंडलिककडं भांडायला गेलो. म्हटलं, तुझ्या उपासाचा आज सोक्षमोक्ष लावतो. माणूस आहेस का कोण? नऊ वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं नाहीस, आणि अजूनही आवाराबाहेर उभा राहतोस!

तो कांदा चिरत होता. सुरी खाली ठेवली.

"खरं सांगतो मास्तर. पयली दोन वर्सं त्यासाठनंच गेलो न्हाई. घरात शिकवलं तसं वागलो. लाज वाटती त्याची. मग तिसऱ्या वर्सी वाटलं, काय ह्ये, जावं. सखूबाईकडनं मुद्दाम दही मागून घिऊन निघालो. वस्तीत आलो तर तुमी दोघं वसरीवर बसल्याली. तुमी तिकिटाच्या चिमट्यानं प्रशिकच्या वहीला नक्षी पाडीत व्हता आन् ती तुमच्याकडं बघत व्हती. दही घिऊन तसाच माघारी फिरलो. म्हटलं, हितं तिसऱ्या मानसाचं ताट नको."

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"त्यानंतरचा उपास तुमच्यापायी केला वो. त्या दिवशी बी. तुमी इचाराल म्हनून बाहेर थांबलो. आन् तुमी काय इचारलं? तर लाईट पायजे का!"

कांद्यानं दोघांचे डोळे भरले. म्हणजे कांद्यानंच, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

रविवार, २ मार्च

आज प्रशिक टेम्पो घेऊन आला. मी आणि कुंडलिक सकाळीच वर पोचलो होतो. पोरगा उंच झालाय, माझ्या पाया पडला. "मास्तर, तुमची पाटी अजून आहे आईकडे," म्हणाला. सामान फार नव्हतं. एक ट्रंक, पाटा-वरवंटा, धान्याची दोन पोती, लुगड्यात गुंडाळलेल्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. कोंबड्या सखूबाईंकडं दिल्या. सखूबाई म्हणाल्या, "जा बाई, पन कोंबड्यांची चौकशी कराया तरी ये," आणि पदर तोंडाला लावला.

गठ्ठ्याचं मी लीलाबाईंना आधीच सांगून टाकलं होतं. माझ्यामुळं गावाचं नाव गेलं म्हणून. त्या म्हणाल्या, "मेलेली मानसं बी गाडीची वाट बघत्यात, येवढं तर कळलं त्यांना." मला वाटलं होतं, रागावतील. नाही रागावल्या.

त्या आणि प्रशिक पुढं बसले. मी मागं, सामान धरायला. कुंडलिक स्कूटरवर. टेम्पोवाला ओरडला, "निघू का?" तर कुंडलिक म्हणाला, "आता मास्तर हायेत की मागं! डबल पडल्याबिगर गाडी हालत न्हाई." गाव हसलं. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी पत्र्यावर दोनदा ठोकलं, ठक ठक. टेम्पो निघाला. एवढी वर्षं तेच केलं, दुसरं काय येतं मला! त्यांना गावातून न्यायची घंटीही मीच दिली.

खिंडीतल्या वळणाला आलो. इथून गाव दिसेनासं होतं. पूर्वी सकाळच्या गाडीतून मी इथं रोज मागं वळून बघायचो, ओढ्यावर कुणी उभं आहे का. बहुतेक वेळा असायचं.

मी एकदाच ठोकलं. एक घंटी म्हणजे थांब.

टेम्पो थांबला. लीलाबाई काठी टेकत उतरून मागं आल्या. "काय पडलं का?"

मी खाली उतरलो. म्हटलं, "बदली झाली नव्हती. मी मागून घेतली होती."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "डेपोतला शिपाई आमच्या वस्तीचा पाव्हना व्हता. अर्ज दिला त्याच आठवड्यात कळलं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? गाडी यायची, दुसरा कंडक्टर यायचा. तरी म्या चार वर्सं गुरवारी तीन भाकऱ्या जास्तीच्या टाकल्या. वाटायचं, एकांद्या वेळी ड्यूटी लागंल. मंग गाडीच बंद झाली."

टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. प्रशिकनं त्याला थांबवलं, आणि तो उगाच लांब जाऊन फोन बघत उभा राहिला.

"त्या दिवशी इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आता सांगा. तुमचं मत काय व्हतं?"

मी बाराशे माणसांची मतं लिहून घेतली ह्या दोन महिन्यांत. माझं कुठं लिहिलं नव्हतं. म्हटलं, "मला रोजच तुमच्या हातचं जेवायचं होतं. रोज. गुरुवारचंच नाही."

 त्यांनी पदरानं डोळे पुसले, तिथंच हसल्या.

"रोजचं आता न्हाई वो जमायचं. पोराचं घर, दोन खोल्या, सुनंचं बाळातपण तोंडावर. माझं आता मला ऱ्हायलं कुठं?" काठी सावरली. "पन गुरवार हाय माझा. त्यो म्या गावासमोर मागून घेतल्याला, कुनी काढून घेतला न्हाई अजून. गुरवारी या."

मग प्रशिकच्या हाताला धरून पुढं चढल्या आणि आतून म्हणाल्या, "मारा आता डबल."

मारले.

सोमवार, १० मार्च

बजेट झालं. शेफालीनं मोबाईल लावून दिला, दुपारभर ऐकलं. मोठे मोठे आकडे, मोठे मोठे रस्ते. उंबरदऱ्याचं नाव नव्हतं. असणार तरी कसं, मीच वरपर्यंत जाऊ दिलं नाही. सखूबाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "फुडल्या वर्सी परत बजेट असतंय न्हवं? मंग परत लिवा. पन जित्त्या मानसांचं लिवा."

पुढच्या वर्षी अकराचे दहाच भरतील.

गुरुवार, १३ मार्च

मागचा गुरुवार त्यांचं घर लागेपर्यंत म्हणून सोडला होता. आज सकाळी लवकर उठून दाढी केली. कालच मोती साबण आणून ठेवला होता. शेफालीनं विचारलं, कुठं? म्हटलं, जेवायला. ती म्हणाली, "हडपसरला ना? कुंडलिककाकांनी सांगितलं." काय म्हणावं ह्या माणसाला! त्याचा सकाळीच फोन आला होता. "मास्तर, मला बी उपास सोडायचा हाय. येऊ का?" म्हटलं, पुढच्या गुरुवारी. आज तुझा उपासच.

स्टँडवर जाण्याआधी कार्यालयात डोकावलो. माझ्याजवळ एक कोरा कागद उरला होता, तो रात्री भरलेला. सुलक्षणानं घेतला आणि मोठ्यानं वाचला. नाव, अमृत. वय त्रेसष्ट. पैसा कशावर घालावा, दवाखान्यावर. वीज, खिंडीतल्या वळणावर एक दिवा. रस्ते आणि गाड्या, भोर ते हडपसर थेट गाडी, निदान गुरुवारी.

"हा माणूस जिवंत आहे," मी म्हटलं. "हवं तर यादीत बघ."

तिनं चष्मा काढून पुसला. "काका, बजेट परवाच झालं. आता उशीर झालाय."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "तरी नोंदवून घे."

तिनं शिक्का मारला. हे स्टँडवर बसून लिहितोय. स्वारगेटची गाडी लागली आहे, कंडक्टर ओरडतोय, पुढं सरका म्हणून.